ताईची डुलकी

माझी थोरली बहीण पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नियंत्रण कक्षात कामाला होती. तिच्याबद्दल काहीतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण लिहायची सवय नाही, आणि लिहिलेलं बरोबर असेल याची खात्रीही नाही. तिला वाचायला दिलं तर ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून "हे तुला कोणी सांगितलं?" असं विचारेल. म्हणून तिला दिलेलं नाही.

ताई संशयी आहे. हे मी तिच्या तोंडावरही म्हणतो, कारण तिला ते दूषण वाटत नाही. आम्ही लहान असताना घरी पहिला फ्रिज आला. दार लावल्यावर आतला दिवा विझतो, असं वडिलांनी सांगितलं. ताईचा विश्वास बसेना. ती पाय न वाजवता फ्रिजपाशी जायची आणि दार एकदम ओढायची. दिवा लागलेलाच असायचा. "बघ," ती मला म्हणायची, "आपल्याला फसवतोय." शेवटी आईने दाराच्या कडेचं बटण बोटाने दाबून दिवा विझवून दाखवला. ताई म्हणाली, "हा तू दाबलास म्हणून विझला. आपण नसताना विझतो कशावरून?" आई पोळ्या लाटायला निघून गेली. कशावरून, ते खरं सांगायचं तर मला आजही माहीत नाही.

लग्न ठरायच्या वेळी भावोजींना तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "तुमच्यात वाईट काय आहे तेवढं सांगा. चांगलं सगळे सांगून गेलेत." भावोजींनी थोडा विचार केला. म्हणाले, "मी घोरतो. आणि बूट काढले की मोजे त्यातच राहतात." ताईने तिथेच होकार दिला. मी नंतर तिला विचारलं, एवढ्यावर कसा दिलास? ती म्हणाली, "दोन दोष सांगितले म्हणून. एकच सांगितला असता तर म्हटलं असतं, दुसरा लपवतोय."

तर अशी ही बाई, आणि तिच्या हाती संगणक आला.

त्याआधी नियंत्रण कक्षात काट्यांच्या तबकड्या आणि लाल-हिरवे दिवे होते. मोठे पंप खाली, काचेतून दिसायचे. चार नंबरचा पंप मात्र मागच्या टेकडीवर, छोट्या पंपघरात एकटाच. तिथे कोणी बसत नसे. तो बंद पडला तर शेजारचा राखीव पंप आपोआप सुरू होई, आणि मिस्त्री सवडीने सायकल काढून वर जाई. मी त्याच आवारात स्टोअर सांभाळत होतो. नट, बोल्ट, पॅकिंग, बेअरिंग, ग्रीस. चिठ्ठी आली की वस्तू द्यायची, एवढंच काम. माझ्यासारख्याला ते बरं होतं. वस्तू उलट बोलत नाहीत.

संगणक बसवायला एक माणूस आला होता. त्याला सगळे संगणकवाला म्हणत. काळ्या पडद्यावर प्रत्येक पंपाची खबर एकेका ओळीत येणार होती. आम्हाला समजावं म्हणून त्याने शब्द मराठीच ठेवले, अक्षरं मात्र इंग्रजी. 'पंप एक दुरुस्त', 'पंप दोन नादुरुस्त', असं. आलेल्या ओळी आत साठून राहत. मागच्या बघायच्या म्हटलं की त्या खालून वर अशा धावत सुटत की डोळ्यांना पाणी येई.

ताईने पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढ्या पळतायत कशाला?"

"मशीन वेगवान आहे, बाई."

"वेगवान आहे, की मला वाचू द्यायचं नाहीये?"

संगणकवाला हसला. त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. मग त्याने तिला एक आज्ञा शिकवली. इंग्रजीत तिला 'स्लीप' म्हणतात. प्रत्येक ओळ दाखवली की मशीन क्षणभर झोपणार, मग उठून पुढची दाखवणार.

"आणि ते झोपेत असताना काही घडलं तर?" ताई.

"उठल्यावर सांगेल."

"खरं सांगेल?"

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

"हे मशीनने सांगितलं का तुम्हाला?"

पण झोपेची ती आज्ञा तिला मनापासून आवडली. तिने तिचं नाव 'डुलकी' ठेवलं. रोज सकाळी पाळी सुरू झाली की ती डुलकी लावून खालच्या पंपांच्या आदल्या दिवसाच्या ओळी वाचायची; टेकडीवरच्या चार नंबरच्या वेगळ्या साठत, त्या रोज कोणी वाचत नसे. एक ओळ, डुलकी, एक ओळ, डुलकी. आणि मोठ्याने वाचायची, कारण मनातल्या मनात वाचलं की माणूस ओळी गाळतो असं तिचं म्हणणं. आमचे साहेब नवीन आले तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं की बाई सकाळी डुलकी लावून बसल्यात. साहेब तावातावाने कक्षात शिरले आणि ताईला टक्क जागी पाहून नुसतेच "चालू द्या" म्हणून परत गेले.

संगणकवाल्याने जाताना आणखी एक आज्ञा शिकवली होती, शोधायची. तो तिला 'ग्रेप' की काहीतरी म्हणायचा. ताई म्हणायची 'गाळणी'. एखादा शब्द सांगायचा, तो शब्द ज्या ओळींत असेल तेवढ्याच खाली येतात, बाकीच्या वर अडकतात. ओळीही बघायच्या नसतील तर अशा ओळी किती, तो नुसता आकडा मिळतो. ताईला गाळणीचं कौतुक नव्हतं. म्हणायची, "खाली काय आलं ते सगळे बघतात. वर काय अडकलं ते कोण बघतं?"

आता मिस्त्रीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मिस्त्री उंच, किडकिडीत, अखंड बोलणारा. पंपाचं दुखणं शोधायची त्याची रीत म्हणजे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. तेवढा वेळ तो गप्प असे. आवारातच मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो आणि त्याची म्हातारी आई राहत. तिला दिसत नव्हतं. दारात खुर्ची टाकून बसायची आणि आवाजावरून कोणता पंप चालू, कोणता बंद ते सांगायची.

ताईचं आणि मिस्त्रीचं रोज वाजायचं.

"मिस्त्री, काल टेकडीवर फार वेळ होतात."

"पंप बरा होईपर्यंत होतो, बाई."

"मला तर इथून बराच दिसत होता."

"लांबून सगळेच बरे दिसतात. आमचे साहेबसुद्धा."

ताई हसली नाही. आणि त्याच दुपारी ती स्टोअरमध्ये आली. माझ्याकडे अर्धं दार होतं, वर फळी. तिने फळीवर दोन्ही कोपरं ठेवली.

"बाळ्या, चार नंबरसाठी मिस्त्रीने बेअरिंगं किती नेली?"

"बरीच."

"बरीच म्हणजे?"

"नेहमीपेक्षा जास्त. सीलसुद्धा नेली."

"आणि तू दिलीस."

"चिठ्ठी होती ना."

"चिठ्ठीवर कोणी 'हत्ती द्या' असं लिहिलं तर देशील?"

"स्टोअरमध्ये असला तर..." मी म्हणालो. मी थट्टा करत नव्हतो, घाबरलो होतो. ताईने माझ्याकडे जरा वेळ तसंच पाहिलं. तिच्या त्या नजरेखाली मला माझीच शंका यायला लागली. वस्तू मी मोजून दिल्या होत्या का? एकाऐवजी दोन तर गेल्या नसतील? मी कपाट उघडून पुन्हा बघितलं. तिथे असण्यासारखं होतं ते होतं आणि नसण्यासारखं नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ताई म्हणाली. "माझ्या पाळीत चार नंबर एकटा बंद पडलेला मी एकदाही पाहिलेला नाही. हा रोज म्हणतो बिघडला, रोज सामान नेतो. सामान जातं कुठे?"

"तो संध्याकाळी बिघडतो म्हणे. लोड वाढला की."

"कोण म्हणे?"

"मिस्त्री."

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मशीनला विचारलं. चार नंबरच्या महिनाभराच्या ओळी इतक्या होत्या की डुलकी लावून वाचायच्या तर अख्खी पाळी त्यातच गेली असती, आणि त्या दिवशी पाण्याच्या टाक्या तपासायला वरची माणसं यायची होती. म्हणून, एवढ्या एकाच वेळी, तिने गाळणी घेतली आणि नुसता आकडा मागितला. चार नंबरच्या एकूण ओळी किती? आकडा आला. त्यातल्या 'दुरुस्त' हा शब्द असलेल्या किती? आकडा आला. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सारखे.

ती मला बोलवायला स्टोअरपर्यंत आली. मी कक्षात जाऊन ते आकडे पाहिले.

"महिनाभरात एकदाही बिघडलेला नाही," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल, पण तसं दिसलं नाही. "एकदाही नाही, बाळ्या."

"मग बेअरिंगं..."

"तेच म्हणतेय मी."

ती साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते. पण सामान फार संपतंय म्हणून त्यांना वरून बोलणी बसली होती, आणि वरून बोलणी बसली की त्यांना खाली कोणीतरी दोषी लागायचा. त्यांनी त्याच दुपारी सगळ्या कामगारांसमोर मिस्त्रीला हत्यारांची पेटी उघडायला लावली. पेटीत पाने, हातोडी, चिंध्या आणि अर्धं कणीस निघालं. बेअरिंग निघालं नाही. साहेब म्हणाले, "पेटीत कोण ठेवेल?" मग म्हणाले, उद्या सकाळी बाई मला मशीनवर दाखवतील. तसंच असेल तर मिस्त्रीची नोकरी गेली, आणि क्वार्टरही लगेच रिकामं करायचं. तेवढ्यावर थांबले नाहीत. शिपायाला पाठवून मिस्त्रीच्या आईला कळवलं की सामान बांधायला घ्या. ती म्हणे शिपायाला म्हणाली, "बांधेन, पण टेकडीवरचा बंद का आहे ते आधी बघा." म्हातारीला कळत नाही म्हणून शिपाई हसत हसत परत आला.

त्या संध्याकाळी मी आणि ताई बरोबरच घरी निघालो. आमची घरं एकाच गल्लीत.

"तू गप्प का?" तिने विचारलं.

"मला वाटतं..."

"तुला नेहमी वाटतं. पुढे कधी बोलत नाहीस."

ते खरं होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही.

सकाळी नियंत्रण कक्षात साहेब, मिस्त्री, ताई आणि मी. मला बोलावलं कारण सामान माझ्या हातून गेलं होतं. मी दाराला चिकटून उभा राहिलो. साहेब खुर्ची ओढून बसले. मिस्त्री उभाच होता, हात पाठीमागे. बाकीचे कामगार खाली पंपांपाशी उगाच काहीतरी पुसत होते आणि काचेतून वर बघत होते.

ताईने आज्ञा टाइप केल्या. एक आकडा, मग दुसरा आकडा. साहेबांनी चष्मा वर करून वाचले, मग खाली करून वाचले.

"सारखेच आहेत," ते म्हणाले. "मिस्त्री, तुम्हाला काही म्हणायचंय?"

आम्ही सगळे तयारीत होतो. मिस्त्रीला काही म्हणायचं नसेल असा दिवस कधी उगवला नव्हता. पण तो म्हणाला, "मी पंपाशी बोलतो, साहेब. मशीनशी बाई बोलतात. त्या म्हणत असतील तर तसं असेल."

"एवढंच?"

"एवढंच."

"झालं तर मग," साहेब उठले. "बाई, तुम्ही लेखी देऊन ठेवा."

ताई उठली नाही. ती मिस्त्रीकडे बघत होती. तिचा एक जुना सिद्धांत आहे, खोटं बोलणारा भरपूर बोलतो, कारण त्याला भोकं बुजवायची असतात. मिस्त्री रोज भरपूर बोलायचा म्हणून तिचा त्याच्यावर संशय होता. आज तो बोलत नव्हता. आणि आता, मला तिच्या मानेवरून दिसत होतं, तिला वेगळाच संशय आला होता. ती पडद्याकडे वळली आणि त्या दोन सारख्या आकड्यांकडे तशीच बघत राहिली, जशी लहानपणी फ्रिजकडे बघायची.

"एकदा वीज गेली होती की मध्ये," ती स्वतःशीच म्हणाली. "सगळेच बंद पडले होते. मग तेव्हाची ओळ कुठाय?"

"काय म्हणालात?" साहेब.

"जरा बसा, साहेब. दोन नंबरचं विचारते."

"दोन नंबरचा काय संबंध?"

"नसेल. विचारते."

दोन नंबरचा पंप कित्येक आठवडे खोलून शेडमध्ये उताणा टाकलेला होता. त्याचं झाकण एकीकडे, दांडा दुसरीकडे. त्याच्या रिकाम्या पोटात गारवा राहतो म्हणून आम्ही आमचे डबे ठेवायचो. ताईने त्याच्या एकूण ओळी विचारल्या. मग 'दुरुस्त'च्या विचारल्या. आकडे आले. सारखे.

साहेबांनी दोन्ही आकडे पडद्यावर बोटाने जुळवून पाहिले. मग मलाच राहवलं नाही. "ताई," मी म्हणालो, "माझा डबा आत्ता त्याच्यात आहे."

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांना दोषी मिळाला होता. "म्हणजे मशीनच बिघडलंय! मी आधीच म्हणत होतो. बोलवा त्या संगणकवाल्याला. ठीक आहे मिस्त्री, मशीनची चूक झाली, तुम्ही जा कामाला."

हे तिथेच संपलं असतं. मशीनची चूक म्हटल्यावर कोणाचंच काही गेलं नसतं आणि मशीनला आई नव्हती. पण ताईने कोणाचंही न ऐकता दोन नंबरच्या ओळी डुलकी लावून सोडल्या आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागली.

"पंप दोन नादुरुस्त. पंप दोन नादुरुस्त. पंप दोन ना..."

ती थांबली. ओळी येतच होत्या, एकामागून एक, शांतपणे. मी मागे होतो, मला तिचे कान लाल झालेले दिसले.

"मशीन बिघडलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "मी त्याला 'दुरुस्त' शोधायला सांगितलं. ते त्याने शोधलं. नादुरुस्तमध्येही दुरुस्त आहेच. पुढचं 'ना' त्याने बघायचं नव्हतं, मी बघायचं होतं."

साहेबांना कळायला वेळ लागला. त्यांनी बोटाने हवेत अक्षरं काढली. "म्हणजे हा ध चा मा झाला."

"ध चा मा करायला दुसरं माणूस लागतं. हे मी एकटीने केलंय. रोज सकाळी हाच शब्द वाचत होते मी, याच तोंडाने." मग ती खुर्चीतच मिस्त्रीकडे वळली. "मिस्त्री, चूक माझी. तुमचा पंप बिघडत होता."

मी तिचा धाकटा भाऊ. तिला कोणाला 'चूक माझी' म्हणताना मी तोवर ऐकलं नव्हतं. भावोजींनाही विचारलं नंतर, त्यांनीही नाही.

"झालं गेलं गंगेला मिळालं," साहेब घाईने म्हणाले. "मिस्त्री, जा तुम्ही."

मिस्त्री गेला नाही. त्याने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि ताईच्या शेजारी बसला. आदल्या दुपारपासून अडलेलं त्याचं बोलणं आता परत आलं.

"जातो की, साहेब. कामालाच जातो. पण काल माझी पेटी सगळ्यांनी बघितली. कणीससुद्धा बघितलं. घरी आई भांडी बांधून बसलीय. आता मी खाली गेलो की कोणी विचारणार, काय झालं? मी म्हणणार, सुटलो. चोर पण असंच म्हणतो. नाही, माझी एक मागणी आहे. बाईंनी चार नंबरचा महिना वाचावा. मोठ्याने, दार उघडं ठेवून. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं."

"गाळणी लावून?" साहेबांनी विचारलं.

"गाळणीनेच तर आमची ही दशा केली. गाळणी नको. सगळं, डुलकीसकट."

"अहो, संध्याकाळ होईल."

"होऊ दे," ताई म्हणाली. तिने मला दार उघडायला सांगितलं आणि चार नंबरच्या ओळी सोडल्या.

साहेब थोडा वेळ बसले, मग त्यांना फोन आल्याचं आठवलं. मी बसलो. स्टोअरला कुलूप होतं, पण त्या दिवशी चिठ्ठी घेऊन कोणी आलंच नाही, कारण सगळे जिन्यात येऊन उभे होते. ताई वाचत होती. पंप चार दुरुस्त. पंप चार दुरुस्त. पुष्कळ वेळ नुसतं तेच. मग एकदम, पंप चार नादुरुस्त, आणि जिन्यात कोणीतरी घसा खाकरायचं. मिस्त्री प्रत्येक वेळी वर्दी द्यायचा. "हे सील फुटलं तेव्हाचं." "हे बेअरिंग. निळं पडलं होतं तापून." "ही वीज गेली ती, हिचा माझ्यावर भार टाकू नका." हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की नवं बेअरिंग घातलं की पंप काही दिवस बरा चालतो आणि मग पुन्हा पडतो. पुढे टेकडीवरचा पाया खोदला तेव्हा तो एका बाजूने खचलेला निघाला. पण ते नंतर.

काल पेटी उघडताना जे पुढे होते ते जिन्यातून आधी गेले. नंतर बाकीचे. त्यांना कळायचं ते कळलं होतं. जेवणाची वेळ झाली तरी ताई उठली नाही. तिचा आवाज बसत चालला होता. नादुरुस्तमधलं 'ना' मात्र ती दर वेळी जरा जोर देऊनच म्हणायची.

शेवटी आम्ही तिघंच उरलो. मिस्त्री स्टुलावर चुळबुळ करायला लागला. एकदा उठला, परत बसला. मग उठून माठातलं पाणी भांड्यात घेतलं आणि ताईपुढे ठेवलं.

"बस झालं, बाई. ऐकलं सगळ्यांनी. माझं समाधान झालं."

ताईने ओळी थांबवल्या. तिने भांड्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे पाहिलं.

"का?"

"घसा बसलाय तुमचा."

"माझ्या घशाचं मी बघेन. पुढे काय आहे?"

"काही नाही. हेच आहे पुढेही, दुरुस्त, नादुरुस्त."

"मग थांबवता कशाला?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "स्टोअरवाले, ही तुमची सख्खी बहीण?"

"हो," मी म्हणालो. "लहानपणापासून."

तो पुन्हा स्टुलावर बसला. ताई पाणी प्यायली आणि तिने ओळी सोडल्या. जरा वेळाने, जिच्यासाठी मिस्त्री थांबवत होता ती जागा आली. ताई रजेवर होती त्या एका दुपारी चार नंबर बिघडला होता आणि बिघडलेलाच राहिला होता. पंप चार नादुरुस्त, पंप चार नादुरुस्त, एक डुलकी, दुसरी डुलकी, पुन्हा तेच. त्या ओळी काही संपेनात. ताई वाचत गेली. मला आठवलं, त्याच दुपारी मिस्त्री माझ्याकडून बेअरिंग घेऊन घाईघाईने सायकलवर बसला होता, आणि राखीव पंप चालू असल्यामुळे शहरात कोणाला पाणी कमी पडलं नव्हतं. वर जाऊन त्याने इतका वेळ काय केलं होतं ते मशीनला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री काचेतून खाली बघत होता.

"त्या दिवशी टेकडीवर वारा छान सुटला होता, बाई," तो म्हणाला. "आणि झाडाखाली सावली होती. जरा पाठ टेकली."

ताईने त्याच्याकडे मान वळवली. साहेबांची खोली जिना उतरून उजवीकडे होती, आणि ताई उठून तिथे गेली तर कालचंच सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. या वेळी तिच्याकडे खरी गोष्ट होती. पडद्यावर ओळी येत होत्या, दर ओळीनंतर मशीन क्षणभर थांबत होतं, आणि तेवढ्या दोन-तीन ओळी तिने वाचल्याच नाहीत.

मग ती पडद्याकडे वळली.

"पंप चार दुरुस्त," तिने वाचलं. आणि तिथून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाचत गेली.

संपल्यावर मिस्त्रीने स्टूल जागेवर ठेवलं. आईला भांडी सोडायला सांगतो म्हणाला आणि गेला. आम्ही उशिराने घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी ताई थांबली.

"तू काय ऐकलंस आज?" तिने विचारलं. तिचा आवाज जवळजवळ उरलाच नव्हता.

"दुरुस्त आणि नादुरुस्त," मी म्हणालो.

"आणखी काही?"

"नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हणालो. तिचा विश्वास बसला असं मला वाटत नाही.